हिराला काय व्हायचं आहे

१४ फेब्रुवारी १९५८
अकरावीचा निरोप समारंभ. हेडमास्तर 'ध्येय' या विषयावर बोलले. मुलं चिवड्याच्या पातेल्याकडे बघत ऐकत होती. मग एकेकाने उठून पुढे काय करणार ते सांगायचं. हुसेन म्हणाला, "बोटीवर जाणार, दुनिया बघणार." वर्ग हसून लोटपोट, कारण खाडीत होडीत बसलं तरी याला मळमळतं. हसू दे. त्याचे डोळे चमकत होते.

हिरा घरत उठली, पदर सारखा केला, "अजून ठरवलं नाही" म्हणाली आणि खाली बसली.

ठरवलं नाही कसं? उलव्याच्या मिठागरावरच्या माणसाची मुलगी, त्या गावातून अकरावीपर्यंत आलेली पहिली, वर्गातही पहिली. शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजचं मी तिच्या वडिलांशी दिवाळीतच बोलले आहे. तेही राजी. बाईंसारखी बाई होईल म्हणून खूश.

मला बोलायला सांगितलं. दरवर्षीचंच. एवढंच म्हटलं, "घाबरलात तर घाबरा, पण जा." हेडमास्तरांना फार आवडलं नसावं.

२९ मार्च
पेपर संपले. मुलं शाईचे हात घेऊन माझ्या घरी आली. आईने सगळ्यांना पन्हं दिलं. बाकीचे गेले, हिरा रेंगाळली. पेला विसळला, पुन्हा विसळला.

"बाई, मला नर्स व्हायचंय."

मी काय म्हटलं ते नीट आठवत नाही. काहीतरी लागेल असंच म्हटलं असणार. एवढी हुशारी काय रोग्यांची भांडी उचलायला, वगैरे. ती रडली नाही. शाळेतली भाषा सुटली मात्र तिची. "यमुनाताय माज्या मांडीवर गेली, बाई. होडीत. ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसली. पनवेल समोर दिसत व्हतं."

थोरली बहीण बाळंतपणात गेली एवढंच मला ठाऊक होतं. पनवेलच्या दवाखान्यात नेताना, होडीत, हे ठाऊक नव्हतं. हिरा तेव्हा सातवीत असेल.

१ एप्रिल
दोन दिवस घुश्श्यात आहे. कोणावर, ते कळत नाही. ती शिक्षिका होणार, सुट्टीत येणार, वर्गातल्या गमती सांगणार, हे सगळं मीच मनात मांडून ठेवलेलं. आई म्हणते, "पोर तुझी नाही, शाळेची आहे. शाळेचीही नाही आता." शिवाय आईला नर्स हा शब्दच नको. "चांगल्या घरच्या मुली—" म्हणाली आणि पुढचं गिळलं.

१९ एप्रिल
कुरडयांचा चीक ढवळताना आईच्या पायावर सांडला. शेजारच्या काकू भाजल्यावर लावायला शाईची दौत घेऊन धावत आल्या. हिरा मदतीला आली होती, तिने दौत त्यांच्या हातातून काढून घेतली. "शाई नको, काकू. थंड पाणी." आई ओरडतेय, ही तांब्यामागून तांब्या ओततेय, आणि मधेच, "आजी, तुमच्या कुरडया विस्कटल्या, आता आम्ही खायचं काय?" आई कळवळताना हसली. मी नुसती उभी. डॉक्टर आले, पाय बघून म्हणाले, बरं केलंत.

संध्याकाळी आई म्हणाली, "हात हलका आहे गं तिचा." नर्स शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

२० एप्रिल
मुंबईच्या इस्पितळात नर्सिंगच्या कोर्सची चौकशी करायला लिहिलं. लिहिताना जड गेलं.

९ जून
निकाल. हिरा पास, छान मार्क. मागच्या बाकावरचा बंडूही. हुसेन इंग्रजीत नापास. शाळेच्या मागच्या भिंतीशी एकटा उभा होता. म्हटलं, "ऑक्टोबरची परीक्षा आहे की." म्हणाला, "अब्बा मामूंच्या भाताच्या गिरणीत बसवतायत." म्हटलं, "बस. संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला ये. दुनिया कुठे पळून चाललीय?" येतो म्हणाला. हसला नाही, पण येतो म्हणाला.

हिरा पेढे घेऊन आली. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. "तुम्ही सांगा, बाई. तुमचं ऐकतात." हो म्हणून बसले.

१५ जून
उलव्याला जाऊन आले. भरतीला होडीने. हिरा नाकासमोर बघत बसली होती, पाण्याकडे नाही.

हिराच्या वडिलांनी, धर्माभाऊंनी, घोंगडी अंथरली. हिराच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मला खायची सवय नाही, पण खाल्ली. मग सांगितलं. शिकवणं नव्हे, नर्सिंग. मला वाटलं होतं, 'लोक काय म्हणतील' असं म्हणतील. तयारी करून गेले होते मी, उत्तरं घोकून.

धर्माभाऊंनी घोंगडीचा कोपरा सरळ केला. मग म्हणाले, "लोकांचं सोडा, बाई. पन एकदा बगितलं तेवडं बास नाय काय? रोज तेच बगायचं हिनं?"

हा प्रश्न मी घोकलेल्यात नव्हता. 

हिरा दाराशी होती. "बा, जगलेल्या पन बगीन ना."

 तिची आई चुलीपुढे गेली आणि तिकडेच बसून राहिली. धर्माभाऊ उठून बाहेर, बांधाकडे. परतायची वेळ झाली तरी आले नाहीत. होडीवाला हाका मारू लागला.

२४ जून
इस्पितळाचं उत्तर आलं. मुलीला घेऊन या, बघू. मुली राहतात त्या जागेबद्दल काहीच लिहिलेलं नाही. उलव्याहून निरोप नाही. हिराही नाही.

हुसेन मात्र रोज येतो. आज अनियमित क्रियापदांवर चिडला. "गोऱ्यांना सरळ बोलता येत नव्हतं का, बाई?"

२८ जून
आज बाजाराला धर्माभाऊ आले, हिराला घेऊन. ओट्यावरच बसले, आत येईनात.

"बाई, त्या पोरी ऱ्हातात कुटं? दाराला कडी हाय काय? जेवान कोन देतं?"

म्हटलं, मला ठाऊक नाही. मी स्वतः जाऊन बघते, हिराला घेऊन.

"मंग मीपन येतो." जरा थांबून, "मनात माज्या अजून नायच हाय. हे तुमाला सांगून ठेवतो."

हिरा मान खाली घालून उभी. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर आम्ही दोघीही हसलो असतो, किंवा दुसरंच काही.

१ जुलै
उद्या सकाळच्या एस.टी.ने निघायचं. धर्माभाऊ संध्याकाळीच आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, कोणाचा तरी मागून आणलेला, कारण बाह्या आखूड. आईने आग्रहाने जेवायला बसवलं. आईचा पाय आता बरा आहे, फक्त डाग राहिला. तो तिने त्यांना मुद्दाम दाखवला. "तुमच्या लेकीनं वाचवला." त्यांनी वाकून बघितला. 

आत हिरा वाटेसाठी दशम्या बांधत होती. धर्माभाऊ हात धुऊन दाराशी थांबले.

"बाई, जाताना तिगं जन. येताना किती?"

म्हटलं, "तिथं जाऊन बघू या, धर्माभाऊ."

आत हिराचा हात थांबला होता. मग तिने फडक्याची गाठ घट्ट मारली.