आत्या, मी इंग्रजीत दुकान वाढवलं

माझ्या बोलक्या आत्या,

आज दुपारी एमबीएच्या मुलाखतीचा निकाल लागला. तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेच गं, पण ही बातमी कागदावर उतरवल्याशिवाय राहवेना. काय झालं ते लगेच नाही सांगणार! तू तरी गिऱ्हाइकाला भाव आधी सांगायचीस का? आधी पेट्या उघडायच्या, माल दाखवायचा, घरच्यांची खुशाली विचारायची. मग आता तूही बस निवांत.

मागच्या वर्षी मुलाखतीत आपटी खाल्ली, तेव्हा तू होतीस. पाठ केलेली उत्तरं धडाधड म्हणून आले होते मी. समुद्रपूरच्या स्टँडवर उतरले आणि थेट तुझ्या बांगड्यांच्या दुकानात येऊन भोकाड पसरलं. तू पाण्याचा गिलास हातात दिलास आणि म्हणालीस, "कायले रडतं वं? त्याईनं माणूस बोलावला, अन् तू पोपट पाठवला. पुढच्या खेपेले तूच जाजो."

असा राग आला होता तुझा! खरं बोललं की येतोच.

यंदा बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हे शेवटचं. झालं त झालं, नाईतर वर्ध्यात नोकरी पाय." आणि नेमकी अशा वेळी तू नाहीस. काय घाई होती गं तुला? एवढा एक उन्हाळा थांबली असतीस, तर काय बिघडलं असतं?

मग मी वर्ध्याजवळ नालवाडीत क्लास लावला. तिथले सर माणूस चांगले, पण बोलण्याला इस्त्री करायचं भारी वेड. तोंडून ‘मले’ निघालं की टेबलावर पेन आपटायचे. मी घरीसुद्धा इतकं शुद्ध बोलायला लागले, की आई म्हणाली, "ह्या बाईले ओळखता का कोणी?" हे पत्रही बघ कसं इस्त्रीतलं झालंय! हसू नको.

खरी गंमत सराव मुलाखतीत झाली. सरांनी इंग्रजीतून घरच्यांबद्दल विचारलं. मी तुझं नाव घेतलं आणि ऐटीत म्हणाले, "माय आंट एक्स्पांडेड द शॉप एव्हरी इव्हिनिंग."

"एव्हरी इव्हिनिंग?"

"येस सर. इव्हन ऑन संडे."

"मग समुद्रपूरमध्ये दुसऱ्या कोणाला जागा उरली का?"

अख्खा क्लास खो खो हसला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या दुकानात ‘बंद’ हा शब्दच नव्हता ना! संध्याकाळी दुकान वाढवायचं. तडकलेली बांगडीही वाढवायची. कोणी ‘फुटली’ म्हटलं की तू डोळे वटारायचीस. मी ते जसंच्या तसं उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलं! मीसुद्धा पोट धरून हसले. पण नंतर सर म्हणाले, "तिथे बांगड्यांचं काही काढू नकोस. फॅमिली बिझनेस म्हण, पुरे." हे मात्र मला झोंबलं, आत्या. तू काय लपवायची गोष्ट आहेस का?

मुलाखत नागपूरला होती. टेबलापलीकडे दोन साहेब आणि एक मॅडम. माझ्यातला पोपट पुन्हा पंख फडफडवायला लागला. तेवढ्यात मॅडमनी मराठीतूनच विचारलं, "विक्री कशी करतात, हे कधी जवळून पाहिलंयस?" मी ‘फॅमिली बिझनेस’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "माझी आत्या बांगड्या भरायची."

मग काय! सांगतच सुटले. बाईनं हात आवळून धरला, की तू जोर करायची नाहीस. "माहेर कोणतं वं तुयं?" एवढंच विचारायचीस. बाई माहेरचं सांगता सांगता हात सैल सोडायची आणि बांगडी अलगद चढायची. मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेले. अंगठ्याजवळ कसं दाबायचं, ते एका साहेबांच्या हातावर करूनसुद्धा दाखवलं, बाप्पा! मध्येच "मले तिनंच शिकवलं" असं निघून गेलं. कोणी पेन आपटला नाही.

शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, "बघ, आम्हीही तुला गोष्टीत गुंतवलं." तोवर माझी भीती कुठल्या कुठे पळाली होती.

तर ऐक. झालं! मिळाली मले सीट!

आईनं तर कणकेच्या हातानंच मला मिठी मारली. बाबा शेतातून आले, त्यांना दारातच सांगितलं. ते केवढ्यानं तरी ओरडले, "आत्याले सांगितलं का? लाव, लाव, पह्यले तिले फोन लाव!"

मग खिशाकडे गेलेला त्यांचा हात तिथंच थांबला. बाबा ओट्यावर टेकले. म्हणाले, "हात तं मोबाईलकडेच गेलता माहा." मी त्यांच्याजवळ बसले. आम्ही दोघं रडलो आणि रडता रडता हसलोही, कारण तू असतीस तर एव्हाना अर्ध्या समुद्रपूरला पेढे वाटून झाले असते. मग बाबाच म्हणाले, "फोन नाई लागत त लिहून टाक." म्हणून लिहायला बसले.

आत्या, एक शब्द देते. कॉलेजात पहिल्या दिवशी सगळे आपापली ओळख सांगतील. माझी पाळी आली की मी उभी राहीन आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणेन, "मी समुद्रपूरच्या बांगडीवालीची भाची." कोणाला नाहीच कळलं, तर म्हणेन, आणा, हात इकडे द्या.

हसून हसून डोळे सुजलेली
तुझी रेणू