माझे नम्र मत आणि वडावरचे मोहोळ

धानोरा, सोमवार, १ मार्च १९५४
आजपासून नवे आयुष्य. चांद्याच्या बाजारातून आणलेले इंग्रजी संभाषणाचे पुस्तक उघडले. कव्हर नाही, पहिली आठ पाने नाहीत, पण मुद्दा स्पष्ट आहे : सभ्य माणूस मत थेट फेकत नाही. आधी नम्र वाक्य म्हणावे, क्षणभर थांबावे, मग हळूच मत पुढे सरकवावे. आमच्या भागात हे कोणालाच येत नाही. म्हणूनच आमचा भाग मागे.
मी लाकूड कंपनीच्या इथल्या डेपोचा कारकून. कंपनीच्या चांदा ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी आहे. तिथले मॅनेजर सॅम्युएल साहेब १२ तारखेला डेपोवर येणार. मद्रासी माणूस, मराठी शून्य. धानोऱ्यात त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारा मीच एक. जागा माझीच समजायची.
निश्चय : रोज पाच नम्र मते.

मंगळवार, २ मार्च
पहिला प्रयोग बायकोवर, कमळेवर, मराठीतून. म्हणालो, "माझ्या नम्र मते, या वरणाच्या बाबतीत थोडा फेरविचार होऊ शकला असता तर बरे झाले असते."
ती म्हणाली, "मीठ जास्त झालं का कमी, ते सांगा ना!"
मी क्षणभर थांबलो. तेवढ्यात तिने ताट उचलले.
उपाशी झोपलो. पण वाक्य सुरेख जमले होते.

शुक्रवार, ५ मार्च
डेपोत लाकूड ओढणारा बैल माझ्या पायावर उभा राहिला. संधी सोडली नाही. गाडीवानाला म्हणालो, "आय ॲम अफ्रेड, द बुलक इज, सो टु से, अपॉन माय फूट."
गाडीवानाने हात जोडले. त्याला वाटले मी मंत्र म्हणून राह्यलो. बैल आपल्या सवडीने निघून गेला. अंगठा काळानिळा.
उच्चार निर्दोष होता.

मंगळवार, ९ मार्च
साहेबांचे पत्र. सोबत मद्रासचे दोन बडे साहेब येणार. चहापान बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, काठावरच्या मोठ्या वडाखाली. चूल तिथेच मांडायची, भजी गरम पाहिजेत.
डेपोचा चौकीदार पत्रू गोंड माणूस आहे, जंगल ओळखतो. तो म्हणाला, "बाबू, वडावर आग्या मोहोळ हाये. खाली धूर केला का एकालेही सोडनार नाई. साहेबाले सांगा."
म्हटले, सांगतो. अरे, यासाठीच तर एवढी तयारी! साहेबांचे चुकते आहे हे साहेबांना न दुखावता सांगायचे. हेडक्लार्कची परीक्षा याहून वेगळी काय असते?
तीन वाक्ये तयार केली. आरशासमोर म्हणून पाहिली. मलाच माझा आदर वाटला.

शुक्रवार, १२ मार्च, सकाळी ११
साहेब आले. चूल मांडून तयार. मी पुढे झालो. "आय ॲम अफ्रेड, सर." थांबलो.
साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, घाबरू नकोस, बडे साहेब चांगली माणसे आहेत.
दुसरे वाक्य. "आय बेग टु डिफर, सर." थांबलो.
साहेबांनी फक्त 'बेग' ऐकले. माझ्या कंपनीत कोणी भीक मागायची नाही म्हणाले आणि बिस्कीट दिले. खाल्ले.
तिसरे. "देअर मे बी बीज, सर."
साहेब वैतागले. मे बी, मे बी काय करतोस? हो का नाही ते सांग!
इतक्या घाईत मत देणे शिष्टाचाराला धरून नाही. मी योग्य शब्द शोधत होतो, तेवढ्यात पत्रूने साहेबांची बाही ओढून वर बोट दाखवले. साहेबांची बाही! मी त्याला हाताला धरून दूर नेले. साहेब मला थँक यू म्हणाले.
चूल पेटली आहे. सगळे छान चालले आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
एका डोळ्याने लिहीत आहे. दुसरा बंद.
पहिला घाणा तळून व्हायचा होता, तोच मोहोळ उठले. बडे साहेब बोडीत. दुसरे बडे साहेब बोडीत. मी आधीच बोडीत. पत्रू आणि त्याची बायको सुकरी ओली पोती घेऊन धावले, एकेकाला झाकून बाहेर काढले. पत्रूच्या पाठीवर जागा उरली नाही इतके काटे. सुकरी रात्रीपर्यंत ते काढत बसेल.
गळ्याएवढ्या पाण्यात साहेबांनी विचारले, आधी काऊन नाही सांगितले?
मी म्हणालो, "विथ ड्यू रिस्पेक्ट, सर..." आणि थांबलो. साहेबांनी डुबी मारली.

गुरुवार, १८ मार्च
सूज उतरली. चांद्याहून माझ्या नावाने टाइप केलेले इंग्रजी पत्र! काय ती भाषा! कंपनी माझी 'ऑब्लाइज्ड' आहे, म्हणजे उपकृत. मला सध्याच्या कामातून 'रिलीव्ह' करणार, म्हणजे भार हलका करणार. आणि 'एल्सव्हेअर', म्हणजे दुसरीकडे, मला भरघोस यश लाभो. दुसरीकडे म्हणजे कुठे? चांदाच!
कमळेला म्हटले, भांडी बांध. ती म्हणाली, "नीट वाचलं ना?" मी हसलो.
घर सोडले. शेजारच्या दसरूला कोंबड्या देऊन टाकल्या. हेडक्लार्कला कोंबड्या शोभत नाहीत.

शनिवार, २० मार्च, चांदा
कंपनीच्या ट्रकवरून आलो. पत्रूही होता, त्याला साहेबांनी बोलावले होते. पाठ टेकता येत नव्हती म्हणून तो सबंध रस्ता उभा.
ऑफिसात हेडक्लार्कच्या खुर्चीवर गुणवंतराव नावाचे गृहस्थ. मी पत्र दिले, अभिनंदनाची वाट पाहिली. त्यांनी वाचून खाली ठेवले. "सोमाजी, नोकरी गेली तुमची."
लगेच समजले.
बाहेर कमळा भांड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. "कुठी हाये घर?"
"घर नाई. मले काढलं."
तीही लगेच समजली. सरकून गाठोड्यावर जागा केली.
पत्रू साहेबांना भेटून आला. डेपोचा मुकादम झाला. म्हणाला, "बाबू, मले लिहिता येत नाई. हजेरी लिवाले मानूस पायजे. मी सांगतो साहेबाले. येता का माझ्या हाताखाली?"
कमळा माझ्याकडे पाहत होती.
मी म्हणालो, "येतो. आन् पत्रू, त्या दिवशी तुले वडाखालून ओढून नेलं, ते चुकलं माझं."
तो म्हणाला, "चढा आता. ट्रक निंगून राह्यला."