पीटरचा डावा हात आणि माझं करिअर

४ फेब्रुवारी
ठरलं. ऑक्युपेशनल थेरपीत करिअर करणार. पन्नाशीला करिअर कसलं, असं नवरा म्हणाला, ओरेस्ट. त्याला म्हटलं, तुझ्या ट्रॅक्टरला या वयात नवं इंजिन चालतं, मग मलाच काय धाड भरली? जेवला गुपचूप.
हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता सगळं बघून घेतलंय. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला बटणं, मोजे, चमचा परत शिकवायचा. एवढंच. नवऱ्याला आणि तीन पोरांना मी वेगळं काय शिकवलं?

५ फेब्रुवारी
कॉलेजात फोन केला. असिस्टंटच्या कोर्सला बारावी लागते म्हणे. माझी आठवी. फोनवरच्या बाईला सांगितलं, मोजा चढवायला बीजगणित लागत नाही. मग नरमली. वय बघून सूट मिळेल, पण एखाद्या थेरपिस्टची शिफारस आणा म्हणाली.
म्हणजे आमच्या हॉस्पिटलातली ब्रिएन. माझ्या धाकटीच्या वयाची पोर. न देऊन सांगते कोणाला.

१० फेब्रुवारी
दुपारी तिच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली. अट एकच: हात खिशात. पेशंटचं काम पेशंटने करायचं.
पेशंट पीटर बोइचुक. चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसतो. झटक्याने डावा हात लुळा पडलाय. बायको स्टेलाला कमी दिसतं, ती घरी एकटी. हात चालायला लागला की पीटर घरी. एका शर्टाला त्याने अर्धी दुपार खाल्ली. ब्रिएन समोर नुसती बसून. याचा पगार घेते.
तिला फोन आला. ती बाहेर गेली तेवढ्यात मी बटणं लावून मोकळी. पीटर खूश. हातात कला लागते, कोर्सने येत नाही.

१३ फेब्रुवारी
बोटांना व्यायाम म्हणून आज पेरोगी. पिठाच्या चकतीत बटाटा भरायचा, दुमडायची, कड चिमटून बंद करायची. इथे मला कोण शिकवणार? चर्चच्या तळघरात आम्ही बायका दर हिवाळ्यात ढिगाने करतो.
पीटरच्या पेरोग्या बघवेनात. सगळ्या आ वासून. उकळत्या पाण्यात फुटलेली पेरोगी कोणाच्या हातची, हे आमच्यात वर्षभर विसरत नाहीत. म्हाताऱ्याची अब्रू माझ्या डोळ्यांदेखत जाऊ देऊ? ब्रिएनची पाठ वळली की एकेक कड चिमटत गेले. पीटर कुजबुजला, नेटी, तू देवमाणूस आहेस. म्हटलं, गप, आणि जरा दमल्यासारखा दिस.

२० फेब्रुवारी
आठवडाभर तसंच. ब्रिएन ट्रे बघून थक्क. शनिवार-रविवार त्याला घरी पाठवून बघू म्हणाली. माझ्या हाताखाली पेशंट बघता बघता बरा होतो, हे आता लेखी हवं. शिफारस सोमवारी देते म्हणाली.

२४ फेब्रुवारी
पीटर कालच परत आलाय. हात बरा झाला असं त्यालाही वाटायला लागलं होतं. त्या हाताने सूपचं भांडं उचललं, ते स्टेलाच्या पायावर. भाजलं थोडंच. पण ती रडली म्हणे, आणि त्याला घरी ठेवायला घाबरते.
ब्रिएनने विचारल्याबरोबर त्याने सगळं ओकलं. देवमाणूस म्हणणारा हाच. मी म्हटलं, भांडं उचल असं मी सांगितलं नव्हतं. ब्रिएन ओरडली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. ती आपली वहीत लिहीत बसली. हा कुठला प्रकार.
शेवटी मीच म्हटलं, आणखी एक चान्स घेते.

२६ फेब्रुवारी
चान्स. हात मांड्यांखाली घेऊन बसले. पीटर एक कड चिमटतोय. चिमटतोय. तेवढ्यात मी अख्ख्या लग्नाचा स्वयंपाक केला असता. शेवटचं भोक राहिलं, तो तिकडे बघेचना. हात आपोआप गेला.
आपोआप गेला त्याला मी काय करू?

९ मार्च
फ्लूने आडवी होते. आज कामावर गेले तर पीटर हसत पुढे. मी नव्हते त्या दिवसांत त्याने पेरोग्या केल्या, उकळल्या, फुटल्या नाहीत. खेचराच्या कानासारख्या वाकड्या, पण बंद. माझी शिकवण उशिरा लागू पडते, एवढंच यातून सिद्ध होतं.
ब्रिएनला तसं सांगितलं. ती म्हणाली, नेटी, तुम्हाला माया पुष्कळ आहे, पण तुम्हाला थांबता येत नाही. शिफारस नाही देता येणार.
मी तिथल्या तिथे या करिअरला नकार दिला. नुसतं बसून राहायचा धंदा मला नको.

१६ मार्च
पीटर घरी गेला. दारात टॅक्सी हॉर्न वाजवतेय, बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि हा कोटाची चेन लावतोय. टोक खाचेत बसेना. स्टेला शांत उभी. ब्रिएन शांत उभी. मी धुतलेल्या टॉवेलांची गाडी घेऊन तिथून नुसती जात होते. एका झटक्यात चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. म्हटलं, जा आता.
पीटरने माझ्याकडे बघितलं. चेन खालपर्यंत उघडली, आणि पहिल्यापासून लावायला लागला.