तेलाचा डाग निघतो

४ मे

समुद्रात तेलाची विहीर फुटली. कुठल्यातरी लांबच्या समुद्रात. प्लॅटफॉर्म जळाला, तळाला भोक पडलं, तेल वर येतंय. वाईट झालं. कंपनीचा शेअर निम्म्यावर आला. फारच वाईट झालं. दुपारभर विचार केला.

सगळे घाबरून विकतायत, कारण त्यांना डागांतलं काही कळत नाही. मला कळतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी सुपरवायझर आहे. वाइन, लिपस्टिक, रक्त, ग्रीस, सगळं पाहून झालंय. त्यात तेलाचा डाग सगळ्यात गरीब. गरम पाणी, सोडा आणि धीर. लोकांकडे धीर नसतो.

५ मे

घेतले. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याचे पैसे बँकेत नुसते लोळत पडले होते. हप्ता जूनअखेर. तोवर दुप्पट. पैसे दोघांचे. खरं तर जास्त हिचे. ही दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे आणि खर्च करत नाही. पण नवरा-बायकोत असा हिशोब कोण करतं? हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

६ मे, पहाटे

सासूबाई धुणं घेऊन आमच्या खोलीतून बाल्कनीत गेल्या. पाठोपाठ सासरे, हवा कशी आहे ते बघायला. आम्ही यांच्याकडे तात्पुरते राहतो. सहा वर्षं झाली. खोली चांगली आहे, फक्त बाल्कनीच्या वाटेवर आहे. दाराला कडी नाही. कोणी आत अडकलं तर काय घ्या, म्हणून सासऱ्यांनीच काढून टाकली. ते वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण तपासणी अजून चालू आहे. गिझरचं बटण त्यांच्या खोलीत.

ही म्हणाली की नव्या घरात बाकी काही नको, आतून कडी लागणारं एक दार हवं. म्हटलं, दोन घेऊ.

१० मे

शेअर आणखी खाली. ब्रोकर माझा शाळेतला मित्र. त्याने ॲव्हरेज करायला सांगितलं. ॲव्हरेज म्हणजे महाग घेतलेलं स्वस्त वाटावं म्हणून आणखी घ्यायचं. हप्त्याच्या पैशांतले जे उरले होते त्यातले निम्मे घातले. लगेच स्वस्त वाटलं.

१४ मे

समुद्राच्या तळाशी कॅमेरा लावलाय. टीव्हीवर दिवसभर ते भोक. रिमोट सासऱ्यांकडे, त्यामुळे जेवतानाही भोकच. सासरे म्हणाले की ज्यांना स्वतःचा नळ बंद करता येत नाही त्यांना उलटं टांगायला हवं, आणि असल्या कंपनीचे शेअर कोण घेत असेल, जावईबापू? मी म्हटलं, असतात काही जण. आणि आणखी आमटी मागितली. ही मला वाढत होती, तिने माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने असावं.

संकल्प: भाव दिवसातून एकदाच बघायचा.

१५ मे

अकरा वेळा बघितला. पण मनापासून एकदाच.

२३ मे

कंपनीने भोकावर भलीमोठी लोखंडी टोपी घालायचा प्रयत्न केला. बसली नाही. ब्रोकर हसून म्हणाला की भोकाला नाही तर मग कोणाला बसली? काही लोकांना विनोदाची वेळ कळत नाही.

मी डोळ्यांत तेल घालून भाव बघतोय. ही म्हणते, डोळे लाल झालेत, डॉक्टरला दाखव.

२ जून

तेल वाहत वाहत आमच्याच किनाऱ्याला लागलं. कंपनीने वाळू साफ करायला माणसं लावलीत आणि त्यांचे ओव्हरऑल धुवायला लाँड्री शोधतायत. मालक नको म्हणत होते. मी तासभर समजावलं. आपल्या कंपनीच्या माणसांचे कपडे आपणच धुवायला हवेत. हे कारण मालकांना सांगितलं नाही, दुसरी सांगितली. आतल्या बातम्याही मिळतील. एका दगडात किती पक्षी, मोजत बसलो नाही.

५ जून

पहिला लॉट. गरम पाणी, सोडा, धीर. तिन्ही दिले. काळे आत गेले, काळेच बाहेर आले. वास मात्र लिंबाचा.

पावडर बदलायला हवी. डागात काही दोष नाही.

९ जून

त्याच मशीनमध्ये हॉटेलच्या चादरी टाकल्या. राखाडी निघाल्या. हॉटेलच्या मॅनेजरने फोनवर नाही नाही ते ऐकवलं. मालकांना म्हटलं, सध्या राखाडीचीच फॅशन आहे. मालकांनी एक चादर उजेडात धरून पाहिली. नंतर बोलले. ओव्हरऑल बंद, आणि ड्रम घासायचा खर्च माझ्या पगारातून.

नोकरी त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण इथून निघालो तर जाणार सासऱ्यांकडेच, तेही दिवसभर. ड्रम घासायला मीही बसलो.

१७ जून

ही टाइल्सचे नमुने घेऊन आली. पलंगावर मांडले. निळी की पांढरी, विचारलं. मी म्हटलं, बिल्डरचा काही भरवसा वाटत नाही, त्याच्या बुटांना चिखल नव्हता. बांधकाम करणाऱ्याच्या बुटांना चिखल नको? ही म्हणाली, त्याने पुसले असतील. मग सासरे खोलीतून जाताना थांबले, प्रत्येक टाइल हातात तोलून पाहिली आणि पांढरी वजनाला कमी भरते असं सांगून बाल्कनीत गेले.

निळी छान होती.

२१ जून

राहिलेलेही घातले. आता ॲव्हरेज इतकं सुंदर झालंय की थोडा जरी वर आला तरी सुटलो.

आज आंघोळ करताना सगळं लख्ख दिसलं. विकले तर घर गेलं. नाही विकले तर अजून गेलेलं नाही. म्हणून विकायचे नाहीत. एवढ्यात सासऱ्यांनी गिझर बंद केला. साबण अंगावर तसाच. बाहेरही जाता येईना, आतही राहता येईना. बराच वेळ तसाच उभा होतो.

२६ जून

ही बँकेत गेली होती.

भांडली नाही. पलंगावर बसली आणि विचारलं, कुठली कंपनी. सांगितलं. म्हणाली, बाबा रोज बघतात ती? म्हटलं, हो, तीच. मी थोडा हसलो. ती नाही. पुढे काही बोलणार तेवढ्यात सासूबाई वाळलेले कपडे काढायला आल्या. त्या जाईपर्यंत आम्ही दोघं हवापाण्याचं बोललो. मग ही हळूच म्हणाली की भांडायलासुद्धा दार लागतं.

बिल्डरच्या हातापाया पडून तिने दहा जुलैपर्यंत मुदत आणली आहे.

३ जुलै

बंद झालं! भोक बंद! मी पहिल्यापासून सांगत होतो. कोणाला सांगत होतो ते आठवत नाही, पण सांगत होतो. शेअर उसळला. सासरे टीव्हीसमोर जरा उदास. आता बघायला काय राहिलं?

हिचा लाँड्रीत फोन. आत्ताच्या आत्ता विक, म्हणाली. जे येतील त्यात डॉक्टर देतायत ती पगाराची उचल घातली की हप्ता भागतो. मी हो म्हटलं. ब्रोकरला फोन लावला. ‘विक’ अगदी जिभेवर होतं. त्याआधी सहज विचारलं, चढतोय का? म्हणाला, चढतोय. म्हटलं, मग उद्या बघू.

हिला सांगितलं, ब्रोकरचा फोन लागला नाही. एका दिवसाने काय होतं?

४ जुलै

कंपनी सगळ्या किनाऱ्यांची नुकसानभरपाई देणार. पुढची काही वर्षं डिव्हिडंड नाही. भाव मेपेक्षाही खाली.

आज ब्रोकरचा फोन खरोखरच लागला नाही.

६ जुलै

हिने विचारलं, त्या दिवशी फोन खरंच लागला नव्हता का. मी म्हटलं, अगं शप्पथ, सारखा एंगेज. ती म्हणाली की तिने स्वतः लावून पाहिला होता, त्याने पहिल्या रिंगला उचलला.

कंपनीवर, ब्रोकरवर, बाजारावर चांगलं पानभर लिहिणार होतो. सुचेना. लाज वाटली. फार लाज वाटली.

१२ जुलै

फ्लॅट दुसऱ्या कोणाला गेला. दवाखान्याच्या वर डॉक्टरांची एक खोली रिकामी आहे. ही तिथे राहायला जातेय. एकटीपुरतीच आहे, म्हणाली. विचारलं, तात्पुरतं ना? म्हणाली, हो, तात्पुरतं. या घरात तात्पुरतं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मी विचारपूर्वक संमती दिली. तिने मागितली नव्हती.

१५ जुलै

हिचं सामान पोचवलं. दोन बॅगा, कपाट, इस्त्री. कपाट मी एकट्याने जिना चढवलं. खोली लहान आहे, उजेड भरपूर. एकदा वाटलं, ही म्हणेल बस जरा. तिने पाणी दिलं. मी प्यालो आणि खाली आलो.

सासऱ्यांना म्हटलं, मीही आता बघतो कुठेतरी. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही कुठे जाणार जावईबापू, राहा की, घर तुमचंच आहे. आवाजात इतकी माया होती की मला पळून जावंसं वाटलं. ॲव्हरेज केलं तर आमच्या चौघांत एकेकाला भरपूर जागा झाली आहे.

१६ जुलै, पहाटे

सासूबाईंनी आज दारावर टकटक केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाहेरूनच विचारलं, आत कोणी आहे का?

म्हटलं, कोणी नाही. या.