चार नंबरची साखर

११ नोव्हेंबर, सोमवार

चार नंबरच्या बेडवर नवे पेशंट. एकसष्ट वर्षांचे, दुकानांच्या पाट्या रंगवतात. पायाला पत्र्याची कड लागली, वर फडकं बांधून तीन दिवस तसेच कामावर गेले. आता जंतू रक्तात पसरलेत. बीपी पार तळाला, श्वास व्हेंटिलेटरवर. बोटाला क्लिप लावायची म्हणून मी स्पिरिटने नखं पुसली — कडांचा निळा रंग काही निघेना.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी पेशंटच्या बायकोला औषधाच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. व्हिटॅमिन सी, भरमसाट डोस, दर सहा तासांनी शिरेतून, चार दिवस. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय ते आम्हालाही कळत नाही. बाटलीवर तपकिरी पिशवी असते. आमच्याशिवाय आणखी पाच हॉस्पिटलं यात आहेत.

बाईंनी संमतीचा कागद हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुमचा भाऊ असता तर?"

मी म्हटलं, व्हिटॅमिनच तर आहे हो, त्याने काय वाईट होणार.

त्यांनी सही केली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

साखर चढायला लागली. सकाळी दोनशे दहा, दुपारी दोनशे साठ. पूर्वी कधी साखरेचा त्रास नव्हता म्हणे, पण एवढ्या आजारात चढतेच. इन्सुलिनचा पंप लावला. दर दोन तासांनी मीच बोट टोचते, मशीनवर आकडा बघते, पंप तेवढा वाढवते. वीस वर्षं हेच करत आलेय.

बाई बाहेरच्या बाकावर बसून असतात. सांगत होत्या, हे पट्टी न लावता सरळ रेघ मारतात. अभिमानाने सांगत होत्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बीपीचं औषध निम्म्यावर आलं. मोठे डॉक्टर खूश. साखर मात्र हटून बसलीय — इन्सुलिन अजून वाढवलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजच लिहिते, म्हणजे उद्या मलाच वेगळं आठवायला नको.

सकाळी रोजच्या तपासणीचं रक्त लॅबला गेलं होतं, दहाला तिथून फोन. चार नंबरची साखर एकतीस. मी हसले. खरंच हसले! आत्ताच मशीनवर दोनशे चव्वेचाळीस बघितली होती. म्हटलं, तुमच्याकडे नमुना बदललाय. लॅबवाला म्हणाला, मग पुन्हा पाठवा.

परत बोट टोचलं. दोनशे एकोणचाळीस. झालं, माझी खात्रीच पटली. रक्त पाठवलं, पण घाई केली नाही. आधी दोन नंबरचं ड्रेसिंग उरकलं. इन्सुलिन चालूच. एकतीसचा फोन आल्यापासून दुसरा रिपोर्ट येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

दुसरा रिपोर्ट — अठ्ठावीस.

मग धावाधाव. पंप बंद, ग्लुकोजची इंजेक्शनं, छोटे डॉक्टर पळत आले. अर्ध्या तासात साखर वर आली. पण अठ्ठावीसवर किती वेळ होते? पहाटेपासून? झोपेच्या औषधाखाली असलेला माणूस सांगणार तरी काय!

अंगाला घाम होता. सकाळीच होता. ताप उतरतोय असं समजून मी तो टॉवेलने पुसला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

झोपेचं औषध कालच बंद केलंय. अजून डोळे उघडले नाहीत. हाक मारली, चिमटा काढला — काही नाही.

छोट्या डॉक्टरांनी शोधून काढलं. आमचं मशीन रक्तातल्या व्हिटॅमिन सीलाच साखर समजतं. अभ्यासाच्या फाइलमध्ये एकोणिसाव्या पानावर एक ओळ आहे: साखर फक्त लॅबमध्येच तपासावी. ती फाइल मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात होती. वॉर्डात कुणी ती पाहिलेलीसुद्धा नाही.

म्हणजे यांना खरं औषध मिळत होतं. हे असं कळलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, आजपासून वॉर्डात सूचना लावू. पण घरच्यांना इतक्यात काही बोलू नका, जाग न येण्याची कारणं दहा असतात. त्या बाईंच्या जिवाला उगाच घोर कशाला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आमचे हे म्हणतात, चूक मशीनची, फाइल कपाटात ठेवणाऱ्याची. तू कशाला आगीत हात घालतेस? खरं आहे त्यांचं. मशीन खोटं बोललं. पण लॅब खरं बोलली होती, आणि तिला मी हसले होते.

अकरा वाजता बाईंच्या शेजारी जाऊन बसले. सगळं सांगितलं. मशीन, फाइल, इन्सुलिन — आणि माझी चाळीस मिनिटंही.

शेवटी एवढंच म्हणाल्या, "ती चाळीस मिनिटं गेली नसती, तर ते जागे झाले असते का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाई माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी का बघावं?

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या डॉक्टरांना विचारलं, बाकीच्या पाच हॉस्पिटलांना कळवलंत का? म्हणाले, महिनाअखेरीस अभ्यासाच्या समितीची बैठक आहे, तेव्हा रीतसर पत्र जाईल. मी म्हटलं, "सर, तोवर तिथल्या सिस्टर दर दोन तासांनी बोटं टोचत राहतील." त्यांनी चष्मा काढला, परत लावला आणि राउंडला निघून गेले.

इन्चार्ज सिस्टर दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. एरवी शब्दाला महाग बाई. म्हणाल्या, "माझ्या टेबलावरचा फोन घे. मी चहाला चाललेय."

पाचही ठिकाणी फोन केले. अतिदक्षता विभागात जी सिस्टर फोनवर आली तिला आमचा आकडा आणि लॅबचा आकडा सांगितला. एकीने मध्येच फोन ठेवला. एक म्हणाली, तुमच्या साहेबांचं पत्र आणा. दोघींनी लिहून घेतलं. पाचवी नुसती "बरं" म्हणाली.

संध्याकाळी माझ्या हातात मेमो. अभ्यासाची गुप्त माहिती परस्पर बाहेर दिली, तीन दिवसांत खुलासा करा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खुलासा लिहिला. चार ओळी. "मी फोन केले" यापुढे फारसं काही सुचलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. आधी किडन्या थांबल्या, मग बाकीचं. शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. मोठे डॉक्टर म्हणाले, यात रोग किती आणि साखर किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. उगाच पांघरूण घालत नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला होता.

मी नळ्या काढायला दुसऱ्या सिस्टरला पाठवत होते. बाईंनी मला थांबवलं.

"त्यांचं सगळं तुम्हीच आवरा. दुसरं कुणी नको."

का ते विचारलं नाही. कोमट पाण्याने अंग पुसलं. बाई पायाशी उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, मी तक्रार करणार आहे. म्हटलं, करा. माझं नाव लिहा, तारीख आणि वेळसुद्धा लिहून देते. कागद घेतला आणि लिहून दिलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असा निरोप आला. युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

इन्चार्ज सिस्टरांनी नंबर दिला म्हणून फोन आला. ती "बरं" म्हणणारी. त्यांच्याकडे सहा नंबरवर एक बाळंतीण होती, चोवीस वर्षांची. मशीनवर दोनशे सत्तर, इन्सुलिन चालू. "तुमचा फोन ठेवला आणि तशीच उठून लॅबला रक्त पाठवलं. चौतीस निघाली." आज तिने बाळ मागितलं.