पाच नंबर

३ तारीख
लागली एकदाची नोकरी! कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी रचायची. मुकादमबाई धरून आम्ही सहा जण, कुणी कुणाचं नाही. तरी जेवताना मुकादमबाईंनी काही न विचारता आपला अर्धा डबा माझ्या डब्यात रिकामा केला. महिनाअखेर गोदाम भरून दिलं तर सहाही जण कायम होणार. संध्याकाळी आतल्या धुक्यात कुणी दिसत नाही, म्हणून निघताना प्रत्येकाने आपला नंबर म्हणायचा. सहा झाले की दार बंद. आतून ते उघडत नाही. मी सहा. पाच नंबर मफलरकाका. ते इतक्या सावकाश बोलतात की सगळे त्यांची टर उडवतात.

११ तारीख
बोटं सुन्न झाली, तर काकांनी ती चहाच्या गरम पेल्याभोवती दाबून धरली, लेकीची धरावीत तशी. सख्ख्यांनी एवढं कधी केलं नाही. आता खोकी हातोहात जातात, बोलावंही लागत नाही.

१९ तारीख
आज थंडीने जीव नकोसा केला. निघताना ‘चार’ म्हणून झालं तरी काका बोलेनात. नेहमीचंच. मीच त्यांच्यासारखं सावकाश ‘पाच’ म्हटलं, लगेच ‘सहा’. कुणीतरी हसलं. दार लागलं.

२० तारीख
काका सकाळी आत, दाराशी बसलेले सापडले. गेलेले. सगळ्यांनी साहेबांना सांगितलं, काकांनी नंबर म्हटला होता, मागाहून परत आत गेले असतील. मीही मान हलवली. त्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. बाबा घरी तुमचं फार कौतुक करायचे, म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ तारीख
पाच नंबर आता कुणाचाच नाही. तरी निघताना ‘चार’ झाल्यावर आतून ‘पाच’ असा आवाज आला. सावकाश. सगळ्यांनी ऐकला. कुणी मान वर केली नाही.

२५ तारीख
आजही. स्वतःची इतकी लाज—

२७ तारीख, दुपार
चौघांना सांगून टाकलं. उद्या काकांच्या मुलीलाही सांगणार, हेही. कुणीच दचकलं नाही. मुकादमबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “तुझा आवाज तेव्हाच ओळखला होता गं आम्ही. आम्हालाही थंडी वाजत होती.”

संध्याकाळ
खोक्यांच्या मागच्या रांगेत होते. एक, दोन, तीन, चार. मग पाच, अगदी माझ्या शेजारून. मी बोलायच्या आत कुणीतरी ‘सहा’ म्हटलं.
मुकादमबाई. बाहेरून. दार—

पेन्सिल धरवत नाही. त्यांचा राग येत नाही. मी तरी वेगळं काय—
काका शेजारी बसलेत. बघताहेत. माफी मागायचीय, पण कुठल्या तोंडाने—