तिकडचं पाणी

दिंडोरी

दिशा बाळा,

द्राक्षांचा माल गेला, बाग मोकळी झाली, आणि परवा जेवताना तुझे पप्पा एकदम म्हणाले, आपण केरळ बघायला जाऊ. माझा घास हातातच राहिला. तू त्या केरळच्या पोराशी लग्न करून गेलीस तेव्हापासून या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मान्सून केरळात आला असं बातम्यांत सांगायला लागले तरी हे टीव्ही बंद करतात.

काल नाशिकला जाऊन नवीन बॅग आणली. मुन्नार नको म्हणतात, चहाचे मळे काय बघायचे. नारळाची झाडं, होड्या, अलेप्पीलाच राहू. तुझं घर तिथं आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. यांना कुणी सांगितलं, आणि तुझ्या दारात जाऊन हे काय बोलतील, काही कळत नाही. तुला कळवावं तर तू वाट बघत बसशील, आणि हे दारातूनच माघारी फिरले तर?

आज बॅग भरताना म्हणाले, "पाण्याच्या बाटल्या जास्त घे."

मी म्हटलं, "तिकडं पाणी मिळत नाय का?"

बराच वेळ बॅगेच्या चेनशी खटपट करत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "पोरीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पीत नसतात. एवढं पण कळत नाय का तुला?"

बाटल्या भरून ठेवल्यात. हे पत्र मात्र टाकत नाही. दार त्यांनाच वाजवू दे.

तुझी,
आई